सोनीबाईचं राहिलेलं लगीन

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण ज्या शहाण्याने केली त्याने तलासरीची सोनीबाई पाहिली नव्हती. तिच्या उजव्या हातात कथलाचाही वाळा चढत नसे. मनगट मोडून वाकडं जुळलेलं, आणि हाडाची एक गाठ बाजूला अशी वर आलेली की काचेची बांगडी तिथे येऊन अडायची, जोर केला की फुटायची. "काय झालं गं हाताला?" असं कोणी विचारलं की ती सांगे, "जांभळीवरून पडली." इतक्या वर्षांत पाड्यातल्या लोकांना त्या जांभळीची फांदीसुद्धा कोणती ते पाठ झालं होतं.

खरं दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि काकड्याला. काकड्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने तो हात मोडला होता. त्यांची मुलगी दक्षा तेव्हा लहान होती, शेजारीच गोधडीत झोपलेली होती. सकाळी उठून तिने आईचा सुजलेला हात पाहिला आणि विचारलं, तेव्हा ती जांभूळ पहिल्यांदा सोनीबाईच्या तोंडात आली. मग तिथेच राहिली.

काकड्या तिचा लग्नाचा नवरा नव्हता. वाचणाऱ्याने लगेच भुवया वर करू नयेत. वारल्यांच्या पाड्यांत याचं कोणाला काही वाटत नाही. पोरगा-पोरगी एकमेकांना आवडली, ती त्याच्या घरचं पाणी भरायला लागली, की संसार सुरू. लगीन ही निराळी गोष्ट. त्याला मांडव लागतो, भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लागतो, त्या चौकात पालघट देवी बसावी लागते, लग्न लावणारी धवलेरी बाई यावी लागते, आणि पाड्याला पोटभर जेवण आणि ताडी. तेवढी ऐपत येईपर्यंत पोरं होतात, पोरांना मिसरूड फुटते. फक्त एक गोष्ट पक्की. आईबापाचं लगीन राहिलं असेल तर पोरांचं लावता येत नाही. आधी थोरांचं, मग धाकट्यांचं, हवं तर एकाच मांडवात. आईबापाच्या लग्नात नाचून मग स्वतःच्या अंगाला हळद लावून घेतलेली माणसं या डोंगरांत काही कमी नाहीत.

सोनीबाईचं लगीन असंच आज करू उद्या करू म्हणत राहिलं. आधी भात धड पिकलं नाही, मग काकड्याची ताडी वाढली, आणि एक दिवस ताडीच्या बैठकीत कोंबड्याच्या झुंजीवरून भांडण होऊन त्याने पाड्यातल्याच एका माणसाच्या डोक्यात दांडा घातला. तोच दांडा. माणूस जागेवर मेला. काकड्याला जन्मठेप झाली आणि तो दूरच्या मध्यवर्ती तुरुंगात गेला.

पाड्याने सोनीबाईसाठी हळहळ केली. तिने मान खाली घालून ती ऐकून घेतली. पण काकड्याला नेलं त्या पावसाळ्यात तिला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागायला लागली, ही गोष्ट काही कोणाला सांगण्यासारखी नव्हती. कोणी तिला 'काकड्याची बायको' म्हटलं की ती मनात म्हणायची, लगीन कुठे लागलंय? एवढं एक दार तिचं उघडं होतं. त्यातून ती कुठे गेली नाही, पण ते उघडं आहे एवढ्यावर तिची वर्षं गेली.

आणि मग दक्षाने धनेश आणला.

धनेश उंबरगावच्या बाजूला कंपनीत कामाला, गुजराती आणि मराठी दोन्ही सारख्याच घाईने बोलणारा, मनाचा सरळ मुलगा. सोनीबाईला तो आवडला. ती दक्षाला म्हणाली, "जा की त्याच्या घरी. लगीन लागल तवा लागल."

दक्षाने भाकरी थापता थापता मागे न बघता उत्तर दिलं, "माना तुझ्यासारखं नाय राहायचं."

धनेशच्या आईचंही तेच म्हणणं होतं. थोरला मुलगा, मांडव पडलाच पाहिजे, आणि वैशाखाच्या आत. नाहीतर तिच्या डोळ्यासमोर दुसरी मुलगी होती. म्हणजे आधी सोनीबाईचं लगीन. धवलेरी बारकी म्हातारीला विचारलं, माणूस तुरुंगात आहे तर त्याचं पागोटं ठेवून लावता येईल का? म्हातारी म्हणाली, "मेला असता तर बघितलं असतं. जिता हाय ना? मग त्यालाच आण."

दक्षाने बापाला निरोप धाडला. काकड्याने मुलीच्या लग्नासाठी रजा मागितली, आणि चौकशीला पोलीस ठाण्यातून एक जमादार पाड्यावर आले. चांगला माणूस होता. अंगणात खाटेवर बसून, पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "काकड्या तुझा नवरा ना? लग्न झालंय ना तुमचं?"

सोनीबाई म्हणाली, "नाय."

दुसरी कोणतीही बाई वीस वर्षांच्या संसारानंतर 'हो' म्हणून मोकळी झाली असती. सोनीबाईने खरं सांगितलं, कारण पालघट बसली नव्हती आणि बसली असं खोटं सांगितलं तर ती पुढे बसणार कशी? जमादारांनी ऐकलं ते कळवलं. वरून उत्तर आलं की अर्जदार अविवाहित आहे, ही मुलगी त्याचीच असं दिसत नाही, रजा नामंजूर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. लगीन लागल्याशिवाय काकड्या बाप ठरेना, बाप ठरल्याशिवाय सुटेना, आणि सुटल्याशिवाय लगीन लागेना.

दक्षा दोन दिवस जेवली नाही. "मुद्दाम बोललीस तू," ती म्हणाली. सोनीबाई शपथेवर सांगत होती की मुद्दाम नाही. पण रजा नामंजूर झाल्याचं ऐकलं तेव्हा पोटात आधी हलकं हलकं वाटलं होतं, आणि पोरीचा विचार त्याच्या मागून आला होता, हे तिचं तिला माहीत होतं. त्याची तिला इतकी लाज वाटली की ती सकाळीच उठून सरावलीला निघाली.

सरावलीत अहिल्याबाईंचं घर होतं. अहिल्याबाई निवृत्त शिक्षिका, यजमान रेल्वेत होते, आता नाहीत. मागच्या वाडीत थोडी चिकूची झाडं. आईचं बोट धरून सोनीबाई त्या घरी चिकू उतरवायला जायला लागली ती अजून जात होती. त्यांचा मुलगा यतीन लहानपणी तिला झाडाखाली उभी करून वरून चिकू टाकायचा आणि तिने झेलला नाही तर चिडवायचा. तो शिकला, पोलीस खात्यात मोठा झाला, आणि आता राज्यातल्या सगळ्या तुरुंगांचा मुख्य साहेब होता. सोनीबाईच्या डोळ्यासमोर चित्र असं होतं की यतीनभाऊच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे, आणि त्यातली एक काढून दे म्हटलं की झालं.

आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी साहेब दोन दिवस घरी आले होते. फाटकाशी गाडी आणि बंदूकवाला शिपाई. आत साहेब बनियनवर ओटीवर बसून आईच्या डोळ्यांत थेंब घालून वर पट्टी बांधत होते.

"सोनी, बस," ते म्हणाले. ती खाली बसली आणि तिने एका दमात सगळं सांगितलं.

साहेबांचा चेहरा हळूहळू कार्यालयातला होत गेला. "हे बघ, कैद्याच्या नातेवाइकाचं काम मी घरी ऐकत नाही. ऐकणं बरोबर नाही."

डोळ्यांवर पट्टी असलेल्या अहिल्याबाई म्हणाल्या, "मग कानात बोटं घाल. ती मला सांगते आहे."

साहेब हसले, पण तेवढ्यात फोन वाजला. ते उठून वाडीत गेले आणि बोलत राहिले. कुठल्याशा तुरुंगात पाण्याची मोटर जळली होती, पाणी कैद्यांना पुरेना. तो ठेवला की दुसरा. कोर्टात न्यायला गाडी नाही. मग तिसरा. एक जण आत आजारी पडून दगावला होता, त्याच्या घरच्यांना कोणी कळवलं, कधी कळवलं. सोनीबाई बघत होती. हातातला चहा त्यांनी तसाच चिकूच्या बुंध्याशी ओतून टाकला.

परत आल्यावर ते जरा मऊ झाले होते. "तुला वाटतं किल्ली माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "शंभर माणसांच्या बराकीत तीनशे झोपतात, त्यांचं जेवण मी बघायचं. दवाखाना मी, भिंती मी, शिपायांच्या बदल्या मी, सरकारला उत्तरं मी द्यायची. एक जण पळाला तर साहेब जबाबदार, एक जण मेला तर साहेब जबाबदार. सुटतो तो मात्र कोर्टाच्या हुकमाने सुटतो. मला फक्त दार धरून उभं राहायचं असतं."

"मग तुमी पण आतच," सोनीबाई म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "त्याला आतून अपील करायला सांग. ते माझ्याच टेबलावर येतं. मी पुन्हा चौकशी लावू शकतो. लग्न झालंय का हे न विचारता, किती वर्षं एकत्र राहिलात आणि मुलगी कोणाची हे विचारायला सांगू शकतो. आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. यापलीकडे आत्ता काही बोलणार नाही." मग थांबून त्यांनी विचारलं, "पण सोनी, तुला हवाय का तो बाहेर?"

हे तिला कोणी विचारलं नव्हतं. पाड्याने नाही, दक्षाने नाही, बारकी म्हातारीने तर नाहीच. तिने उजवा हात पदराखालून काढून ओटीच्या कडेवर ठेवला.

"जांभळीवरून पडलीस ना तू?" अहिल्याबाई पट्टीआडून म्हणाल्या. हात त्यांना दिसत नव्हता, पण गप्प बसणं ऐकू येत होतं.

"नाय बाई. त्यानी मोडला."

साहेब त्या मनगटाकडे वाकले. मग साहेब म्हणाले, "हे चौकशीत सांग. मी रजा नाकारू शकतो, आणि ती नाकारणं योग्य ठरेल."

"आणि पोरीचं लगीन?"

"मग ते राहील," साहेब म्हणाले.

"माना असं पायजे," सोनीबाई म्हणाली, "त्याला एकडाव सोडा. मांडव होऊ द्या. मग कधी सोडू नका."

साहेबांनी कपाळावरून हात फिरवला. "असं नाही करता येत. चांगला वागला तर रजा हा त्याचा हक्क. एकदा तुझ्या पत्त्यावर आला, तुझा लग्नाचा नवरा झाला, की दर वर्षी मागेल आणि मला नाकारायला कारण लागेल. तेवढं एक कारण तुझ्या हातात आहे. बाहेर येणाऱ्याला जामीन राहणारं माणूस लागतं. त्याचं दुसरं कोण आहे?"

"कोणीच नाय. मेलेला माणूस पाड्यातलाच. त्याला कोण घरात घेल?"

"मग दर वर्षी तुलाच विचारायला येतील. या वर्षी अंगठा दे. पुढच्या वर्षी देऊ नकोस. त्याला जायला जागा नसली तर मी सोडू शकत नाही." ते उठले. "एवढंच आहे माझ्याकडे. नियमातलं आहे, म्हणून सांगतो."

जाताना अहिल्याबाईंनी तिला पिशवीभर चिकू दिले. दाबून दाबून निवडलेले, बिनडोळ्यांनी.

पुढे सगळं साहेब म्हणाले तसं झालं. अपील गेलं, तेच जमादार पुन्हा आले. या वेळी त्यांनी शेजारपाजार विचारला, दक्षाचं तोंड बघूनच म्हणाले, "बापाचं नाक आहे की." सोनीबाईने जामिनाच्या कागदावर अंगठा दिला. हाताचं तिने काही सांगितलं नाही. सात दिवसांची रजा, पोलिसांच्या पहाऱ्यात.

काकड्या आला तेव्हा तिने त्याला आधी ओळखलं नाही. केस पांढरे, अंग वाळलेलं. शिपायाने हाक मारली की तो जेवता जेवता उठून हात जोडून उभा राहायचा. अंगणाबाहेर जायचं तरी विचारायचा, "जाऊ?" दक्षा बापाच्या अवतीभोवती लहान पोरीसारखी फिरत होती. तिने त्याच्यासाठी नवा सदरा आणला होता. काकड्या तो घालून बसला आणि रडला. सोनीबाईला त्याची कीव आली. कीव आली याचाच तिला राग आला.

आईचा मांडव आधी. बायकांनी भिंतीवर चौक लिहिला, पालघट बसली, बारकी म्हातारी खड्या आवाजात गायला लागली. लग्नाच्या बांगड्या भरायची वेळ आली तेव्हा मात्र सगळं अडलं. उजव्या हातात बांगडी चढेना. म्हातारीने साबण लावला, तेल लावलं, दोन फुटल्या, रक्त आलं. "मेली जांभूळ!" म्हातारी करवादली. बायका हसल्या. काकड्या समोर बसला होता, तो जमिनीकडे बघत राहिला. तिसरी बांगडी गाठीवरून सरकली आणि आत जाऊन घट्ट बसली. आता ती फोडल्याशिवाय निघणार नव्हती.

हातात हात दिला तेव्हा काकड्याचा अंगठा नेमका त्या गाठीवर आला. गाण्याच्या गलक्यात तो हळूच म्हणाला, "दुखतं अजून?"

"पावसात."

अक्षता पडल्या, आणि उभ्या पाड्यादेखत सोनीबाई काकड्याची बायको झाली. तिचं उघडं दार बंद झालं. त्याच मांडवात दुसऱ्या दिवशी दक्षाची हळद लागली. पोरगी इतकी सुंदर दिसत होती की सोनीबाईला वाटलं, चालेल. हे चालेल. सात दिवस गेले, पुढच्या साली मी अंगठा देणार नाही, आणि मग माझी मी.

रजेच्या शेवटच्या दिवशी पोलिसांची जीप आली. काकड्या चढता चढता थांबला आणि म्हणाला, "पुढल्या साली येन. अंगठा दे." सूर जुनाच होता की तुरुंगात माणूस असाच तुटक बोलायला शिकतो, ते तिला कळेना. बदललाही असेल. पण बदलला की नाही हे बघायचं तर त्याला घरात घ्यायला हवं होतं, आणि नसला बदलला तर मोडायला दुसरा हात शिल्लक होता. जीप उतरणीला लागली.

दक्षालाही त्याच दिवशी धनेशबरोबर सासरी निघायचं होतं. रस्त्यावर त्याची गाडी हॉर्न वाजवत उभी होती. ती आईच्या गळ्यात पडली आणि रडता रडता हसून म्हणाली, "आये, तू काळजी नको करू. बापूस दर साल येल. मी धनेशला सांगितलंय. तुना पोलिसांसमोर जायची लाज वाटते ना? तोच जामीन राहील. पत्ता आपल्या घरचा देऊ. तू आता एकटी नाय राहणार."

सोनीबाईला आधी तिचं बोलणं कळलंच नाही. मग कळलं: आता तिने अंगठा दिला नाही तरी काकड्या येणारच होता. राज्याच्या तुरुंगांचा साहेब जे करू शकला नव्हता, आणि काकड्याच्या दांड्यालाही जे साधलं नव्हतं, ते तिच्या पोटच्या पोरीने मायेने करून टाकलं होतं. तिच्या दाराला बाहेरून कडी घातली होती, आणि वर पाया पडायला वाकली होती. यात पोरीची काय चूक? तिला जांभूळ सांगितली होती. ती जांभळीवर विश्वास ठेवून वाढली होती. तिला बाप हवा होता, आणि तो सात दिवस मिळाला होता, नव्या सदऱ्यात, हात जोडलेला.

हॉर्न पुन्हा वाजला. "येते," दक्षा म्हणाली.

"बस," सोनीबाई म्हणाली.

"आये, तो थांबलाय."

"थांबू दे त्याला. बस इथं."

दक्षा गोंधळून चौकाखाली बसली. सोनीबाईने जवळचा पाटा ओढला, उजवं मनगट त्याच्या कडेवर ठेवलं आणि एका फटक्यात ती बांगडी फोडली. दक्षा किंचाळली, "काय केलंस? बापूस जिता हाय!"

"हाय," सोनीबाई म्हणाली. तिने ते वाकडं, काच रुतलेलं मनगट मुलीच्या मांडीवर ठेवलं. "हात लाव. दाब. ही गाठ लागते ना? दक्षा, मी जांभळीवरून पडली नव्हती."